इवायाचे पाच तारे

आधी चहा संपवून घ्या. हा किस्सा ऐकताना मागच्या खेपेस एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट पांढरा होता. माझ्याच भैताडपणाची गोष्ट आहे. मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडून तिखट-मीठ लावून ऐकायले नको.

मले तर तुम्ही ओळखता. गांधीबागेत साड्यांचं ठोक दुकान, आणि स्वभाव संशयी. आता या धंद्यात माणूस संशयी नाही होणार तर काय होणार? आमच्या बाजारात एखादा गिऱ्हाईक "वा, काय पोत आहे" असं जरा जास्तच जोरात म्हणत असला, तर तो दुकानदाराचा मावसभाऊ असतो. आणि आमच्या दुकानाचे ऑनलाइन रिव्ह्यू पाहिले का कधी? सगळे पाच तारे. त्यातला एक माझ्या साळ्यानं वर्ध्यात बसून लिहिला, "साडी नेसायले एकदम हलकी वाटते." साळा साडी नेसला होता काय? तेव्हापासून मी कोणाच्याच ताऱ्यांवर विश्वास ठेवत नाही.

तर झालं असं, की आमच्या प्राचीचं लग्न जुळून राहिलं होतं. पोरगा मिहानमध्ये नोकरीले, सालस, पोरीच्या मनात भरलेला. त्याचे वडील वानखडे साहेब कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. म्हणजे आमचे होणारे इवाई. माणूस इतका शांत, की चहा पिताना बशीचाही आवाज नाही. इतका शांत म्हटल्यावर मले पहिल्याच बैठकीत शंका आली. असा माणूस काहीतरी दाबून बसला असतो.

आता सोयरीक करायच्या आधी चौकशी तर करावीच लागते. आमच्या वडलांच्या वेळी सोपं होतं. पोराच्या गावच्या पानठेल्यावर जायचं, दोन पानं लावायले सांगायची आणि हळूच विचारायचं, "ते अमके कसे आहेत गा?" अर्ध्या तासात सात पिढ्या बाहेर. आता पानठेलेवाला स्वतःच मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असतो. कोणाले विचारता?

तेवढ्यात वानखडे साहेबांनीच माझ्या हातात काठी दिली. साक्षगंधाच्या अंगठ्या घालायले एका हॉलची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "माझा रिव्ह्यू वाचावा." मी वाचला. मग सहज त्यांच्या नावावर बोट ठेवलं, तर काय, या माणसानं आयुष्यात जिथं जिथं पाय ठेवला तिथला रिव्ह्यू लिहून ठेवलेला. देवळाले, "दर्शन उत्तम, चपला सांभाळाव्या." दातांच्या डॉक्टरले, "दात काढताना दुखला नाही, घरी आल्यावर दुखला." मी मजेत वाचत चाललो होतो. आणि मग आला कोराडी रोडवरचा एक ऑर्केस्ट्रा बार. नाव नाही सांगत, फुकटची जाहिरात कशाले?

ज्याले माहीत नसेल त्याले सांगतो. ऑर्केस्ट्रा बार म्हणजे स्टेजवर बाया सिनेमाची गाणी म्हणतात, खाली माणसं पीत बसतात, आणि गाण्याकडं कोणाचंच लक्ष नसते. तिथं आमच्या इवायाचे पाच तारे. खाली लिहिलेलं, "दर गुरुवारी येतो. मन तृप्त होते. इथल्या बायका फार प्रेमळ. एकदा सौ.लाही आणले, तीही खूश."

दर गुरुवारी. आणि सौ.लाही.

मी परत एकदा वाचलं, तेच. बरं, खाली गंज अंगठे. म्हणजे हे वाचून कितीतरी लोकांले उपयोग झाला होता. कसला उपयोग झाला असेल, देवच जाणे.

"काहून असं तोंड करून बसले?" कुंदा, म्हणजे आमची बायको, आतून आली.

"ॲसिडिटी झाली वं."

तिले काय सांगणार? सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं फोन लावून लग्न मोडलं असतं, आणि गोष्ट खोटी निघाली तर पोरीनं जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. खरी निघाली आणि मी गप्प राहिलो, तर पोर त्या घरात जाणार. रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी ठरवलं, आपण स्वतः जायचं. गुरुवारीच जायचं.

घरी म्हटलं, हॉल पाहून येतो. ऊन नव्हतं तरी डोक्याले, तोंडाले दुपट्टा गुंडाळला, फक्त डोळे उघडे. संध्याकाळचे पाच वाजले असतील. आत पाहतो तर सगळं रिकामं. स्टेजवर साध्या सलवार-कुर्त्यातली एक बाई माइकमध्ये "हॅलो, चेक" म्हणून राहिली होती, आणि बाजूच्या टेबलाजवळ मॅनेजर खुर्च्या मोजत होता.

मी कोपरा धरला, लिंबू सोडा मागवला आणि दबक्या आवाजात विचारलं, "ते वानखडे साहेब आले नाहीत का आज?"

"कोण वानखडे जी?"

"असं कसं? दर गुरुवारी येतात न. सौ.ला घेऊन." मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

मॅनेजरनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अजी साहेब, हे किती जुनं आहे ते तर पाहा. पहिले इथं एका मावशीचं भोजनालय होतं. शुद्ध शाकाहारी. चार बाया पोळ्या करत. गुरुवारी पुरणपोळी राहे. आमच्या शेठनं जागा घेतली, मॅपवरचं नाव बदलवलं आणि रिव्ह्यू तसेच ठेवले. इतके तारे फुकटात कोण सोडते?"

मी सोडा तसाच खाली ठेवला. खरं तर हे मले आधी कळायले पाहिजे होतं. गांधीबागेत आम्हीही चालतं दुकान घेतलं तर पाटीसकट घेतो, जुन्याची पुण्याई वापरतो. पण डोक्यात संशय शिरला की तारीख पाहायचंही सुचत नाही. त्या देवमाणसानं पुरणपोळीले पाच तारे दिले होते, आणि मी त्याच्यावर पाळत ठेवून बसलो होतो. लाज वाटली. त्याहून जास्त आनंद झाला, पोरीचं घर चांगलं होतं. मी तोंडावरचा दुपट्टा सोडला.

मॅनेजर मात्र समोर बसून रडगाणं गाऊ लागला. "पण आमची लय पंचाईत होते जी. परवाच एक फॅमिली आली, आजीबाईसकट. हातपाय धुऊन बसले, म्हणे थाळ्या लावा. या रेश्मानं गाणं सुरू केलं, तर आजी म्हणते, आज भजन आहे काय. आता त्यांले कसं उठवू? कोणी एकानं तरी खरं लिहायले पाहिजे. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी नावानं लिहीत नाही. तुम्ही लिहा न, सज्जन दिसता. मसाला पापड आमच्याकडून."

माणूस आनंदात असला की दानशूर होतो. म्हटलं, चला, पुण्याचं काम आहे, एखादी आजी वाचेल. पापड खाता खाता लिहून टाकलं, "हे भोजनालय नाही, ऑर्केस्ट्रा बार आहे. कुटुंबासह येऊ नये. एकटेच यावे. मी एकटाच आलो. स्टाफ अदबशीर. मसाला पापड उत्तम." चार तारे देणार होतो, पापड कुरकुरीत निघाला म्हणून पाच दिले. वर माझं पूर्ण नाव, आणि फोटो. दुकानाच्या पाटीखाली हात जोडून उभा असलेला, निवडणुकीले उभा राहिल्यासारखा.

रविवारी वानखडे मंडळी साक्षगंधाची तारीख काढायले घरी आली. मी इतक्या प्रेमानं वागून राहिलो होतो, की कुंदा दोनदा वळून पाहून गेली. प्राचीनं चहा दिला. वानखडे साहेबांनी आवाज न करता तो संपवला आणि खिशातून चष्मा, मोबाइल काढला.

"रागावू नका जी," ते म्हणाले. "पण चौकशी तर दोन्हीकडून होते. मी तुमच्या नावानं पाहिलं, तुम्ही कुठं काय लिहिता. एकच रिव्ह्यू आहे."

"कोणता?" कुंदानं विचारलं. मोठ्या हौसेनं विचारलं बिचारीनं.

त्यांनी वाचला. त्याच शांत आवाजात, सावकाश, विरामचिन्हांसकट. "मी एकटाच आलो"वर तर जरा थांबलेही.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? खरं सांगायचं तर, "साहेब, मले तुमचाच संशय आला होता, म्हणून तुमच्या मागावर गेलो" असं म्हणायचं. त्याच पानावर जरा खाली त्यांची पुरणपोळी होती, दाखवता आली असती. पण ज्या माणसाले तुम्ही बारबाज समजले, त्याले हे तोंडावर सांगून त्याच्या घरात पोरगी कशी द्यायची? प्राची माझ्याकडं पाहून राहिली होती.

"मले गाण्याची आवड आहे," मी म्हटलं.

कुंदा उठली आणि कपबशा गोळा करू लागली. एवढा आवाज त्या कपबशांनी आमच्या लग्नापासून केला नव्हता.

वानखडे साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. मग त्यांनी उठून माझा हात धरला. "आजकाल कोण खरं लिहिते जी? सगळे खोटे तारे देतात. तुम्ही स्वतःचं नाव टाकून, फोटो टाकून लिहिलं. असा सरळ माणूस मले इवाई म्हणून पाहिजे. आवड काय, सगळ्यांलेच असते." आणि तारीख ठरली.

घरात आठ दिवस मी एकटाच जेवलो. कुंदाले मी सगळं खरं खरं सांगितलं. ती म्हणाली, "पुरणपोळी काय? वा." एवढंच.

साक्षगंधाले हॉल भरलेला. दोन्हीकडचे झाडून सगळे पाहुणे, माझे गांधीबागेतले व्यापारी, वर्ध्याचा साळा. अंगठ्या घातल्या, पेढे वाटले, प्राची हसली, आणि मले वाटलं सुटलो. तेवढ्यात वानखडे साहेब स्टेजवर गेले, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले. "आमचे इवाई गाण्याचे शौकीन. खास त्यांच्या आवडीचा ऑर्केस्ट्रा बोलावला आहे."

पडदा सरकला. माइकपुढं रेश्मा. मले पाहून तिनं मोठ्या अदबीनं नमस्कार केला.

मी खाली पाहून पेढा चावत बसलो, कोणी ओळखू नये म्हणून. पण मागून माणसं बाजूले करत मॅनेजर आला, हातात बशी, बशीत मसाला पापड. त्यानं तो माझ्यापुढं ठेवला, शेजारी बसलेल्या कुंदाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मागच्या रांगेतल्या माझ्या सासूबाईंकडं पाहिलं, आणि काळजीनं म्हणाला,

"साहेब, कुटुंबासह येऊ नये असं तुम्हीच तर लिहिलं होतं न. मग आज सगळ्यांले काहून आणलं?"