साडूंच्या फ्रीजमधला माल्ट

काळजी करायला काही कारण लागतं, हे आमच्या थोरल्या साडूंना आयुष्यात कधी पटलं नाही. मंगरूळपीरहून शेलूबाजारला जायचं तर हे तासभर आधी स्टँडवर, आणि एसटी वेळेवर आली तर ड्रायव्हरकडे संशयाने बघणार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर काचेची भांडी सांभाळली आणि एकही फुटू दिलं नाही. नोकरीमुळे स्वभाव असा झाला की स्वभावामुळे नोकरी निभावली, देव जाणे.

त्यात जर्मनीतल्या मुलाने मागच्या खेपेला माल्टचे दोन डबे आणले. माल्ट म्हणजे मोड आलेल्या जवाचा आटवलेला रस, काकवीसारखा दाट. त्यात पाणी आणि यीस्ट घालून मुलगा तिकडे घरीच बियर करतो. "बाबा, पुढच्या वेळी आपण दोघं मिळून करू," असं तो जाताना म्हणाला. आमच्याकडे बाप-लेक समोरासमोर बसून पीत नाहीत. साडू तर लग्नाकार्यात दोन घोट घेऊन दिवसभर वेलची चघळणारे. पण मुलाचं ते वाक्य त्यांनी उराशी धरलं, आणि त्यांच्या सगळ्या काळज्या त्या दोन डब्यांत जाऊन बसल्या.

माल्टला उष्णता सोसत नाही, तो काळा पडतो. आणि आमच्या मे महिन्यात माणसंच काळी पडतात, तिथे माल्टचं काय! डबे आधी माठाखालच्या ओल्या रेतीत गेले. गंज चढेल म्हणून तिथून गव्हाच्या कोठीत. मग इंझोरीच्या शेतातल्या विहिरीत, बादलीत बांधून. दोर तुटेल या धास्तीने साडूंची झोप उडाली, तेव्हा शेवटी फ्रीज. एक डबा त्यांनी 'आतून कसा आहे ते पाहू' म्हणून उघडला आणि बरणीत काढून ठेवला. तो मेहुणीने लेकीच्या सासरच्यांना पोळीबरोबर वाढला. "काकवी लय चांगली आहे जी," म्हणत त्यांनी बरणी पुसून खाल्ली. साडू ताटावरून उठून दुसरा डबा फ्रीजच्या पार मागे लपवून आले.

"घरी बियर करायले परवाना लागते काय जी?" असं ते मला फोनवर विचारत, आणि लगेच घाबरून पुढचं सगळं बोलणं 'ते औषध' म्हणून करत. मुलाचं येणं दोनदा पुढे गेलं. त्याचा फोन पंधरा दिवसांतून एकदा, तोही घाईचा. इकडे साडू उरलेला डबा रोज कानाशी धरून हलवू लागले, आणि मी गेलो की माझ्यापुढे धरू लागले.

"फुगून राह्यला काय, पाहा बरं."

"नाही फुगला भाऊ."

"आज नाही. पण उद्या?"

अखेर मुलगा आला, तो चारच दिवसांसाठी. बियरला तीन आठवडे लागतात. साडूंचा चेहरा मला बघवेना. मुलगा म्हणाला, "बाबा, लावून त देऊ. ढवळायले तर दोघं आहो ना." बाप-लेकांनी स्वयंपाकघर अडवून दुपारभर माल्ट ढवळला. झाकणबंद बादलीवर पाण्याची वाकडी नळी बसवली. आंबताना सुटणारा वायू तिच्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडतो, ते बुडबुडे थांबले की लगेच बाटल्या भरायच्या, असं सांगून तो गेला.

आणि तिकडून रोज फोन करू लागला. "बाबा, आज किती बुडबुडे?" साडू घड्याळ लावून मोजून सांगत. मग जेवलास का, थंडी किती, सगळंच बोलणं होई.

महिन्याभराने मी गेलो. नळीतलं पाणी हलत नव्हतं.

"भाऊ, हे त कधीचंच थांबलं असन."

"अठरा दिवस झाले."

"मंग बाटल्या भरा ना. सारं खराब होऊन जाइन."

"जाइन," साडू शांतपणे म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं निश्चिंत कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. "हो बेटा, चालूच आहेत. मिनिटाले सहा," असं सांगून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"मावसाजी, तुम्ही पाहिले का?"

मी नळीतल्या त्या थिजलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"पाहिले ना," मी म्हटलं. "सहा काय, सातही असतीन."