पायऱ्यांवरची मिश्री

आखातातल्या अबू हमूर भागात, परदेशी कुटुंबांच्या एका कंपाउंडमध्ये केरबा सुतारकाम बघायचा. दारं घासायची, बिजागऱ्या बदलायच्या, कपाटं बसवायची. कराडकडचा हा माणूस मुळात बोलका. पण त्या वर्षी त्याच्या तोंडाला जणू कुलूप लागलं होतं. उन्हाळ्यात गावी त्याची आई, बायडाबाई, वारली. धाकट्या भावानं, बाबूनं, ते कळवलं तेरावं उरकल्यावर. "तू तिकडं एकटा, उगं जिवाला घोर कशाला," असं तो म्हणाला. केरबानं फोन ठेवला तो ठेवलाच. आईला खांदा दिला नाही, डोकं भादरलं नाही. रडायचंही राहूनच गेलं.

ऑक्टोबर सरता सरता एका मेक्सिकन इंजिनिअरच्या बायकोनं, रोसाल्बानं, त्याला बोलावलं. गौरीपुढच्या आराशीला लागतात तशा लाकडी पायऱ्या तिला हव्या होत्या.

"कशासाठी, मॅडम?" केरबानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"माझ्या गेलेल्या माणसांसाठी. वर्षातून एकदा ती घरी येतात."

केरबाच्या हातातली टेप तशीच राहिली. "आमच्याकडेही येतात," तो म्हणाला. "कावळा होऊन जेवून जातात."

पायऱ्या पोचवायला तो गेला, तेव्हा रोसाल्बा केशरी कागदाची फुलं करत बसली होती. हुबेहूब झेंडू. तिनं पायऱ्यांवर भरतकामाचं कापड अंथरलं, बहिणीचा फोटो ठेवला, तिला आवडायची म्हणून कॉफी ठेवली. शेजारी साखरेची कवटी, कपाळावर रंगीत अक्षरांत बहिणीचं नाव. केरबा दचकून मागं सरला.

"घाबरू नकोस. लुपे हसरी होती, म्हणून हीही हसरी केलीय," रोसाल्बा म्हणाली. "तुझं कोण गेलंय?"

"आई."

"मग शुक्रवारी तिचा फोटो घेऊन ये."

आईचा एकटीचा फोटो त्याच्यापाशी नव्हता. बाबूच्या लग्नातल्या फोटोत ती कडेला उभी होती, तोंडावर पदर ओढून. रात्रभर विचार करून त्यानं खोलीतल्या सोबत्याकडून तंबाखू मागून घेतली आणि सकाळी तव्यावर भाजायला घेतली. सगळी खोली ठसकायला लागली. चुरून तिची काळीशार मिश्री केली, आई रोज दातांना लावायची तशी, आणि एका डबीत भरून नेली.

रोसाल्बानं ती हुंगली आणि तिला सटासट शिंका आल्या. केरबाला हसू फुटलं. मग तिनं ती डबी लुपेच्या फोटोशेजारी पायरीवर ठेवली.

"कशी होती तुझी आई?" तिनं विचारलं.

हे त्याला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं इंग्रजी शोधलं, सापडेना. मग तो सरळ मराठीतच बोलायला लागला. मिश्री लावल्याबिगर चुलीला हात न लावणारी आई, शेतात भांगलताना पुढच्या बाईला मागं टाकणारी, पोरांना मारून मग स्वतःच रडणारी. बोलता बोलता इतके महिने अडलेलं रडू बाहेर पडलं. रोसाल्बाला एक शब्द कळत नव्हता. ती खुर्ची ओढून शेजारी बसून राहिली.

तिथून निघाला तो टेलिफोनचं कार्ड घेऊन बूथवर गेला.

"दादा?" बाबू म्हणाला. "मला वाटलं, तू बोलायचा न्हाईस आता."

"आई कशी गेली, सांग," केरबा म्हणाला. "सगळं सांग. काय गाळू नगंस."

बाबूनं पहिल्यापासून सांगायला घेतलं.