सतरंजीचं दुसरं टोक

परतवाड्याच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझ्या बॅगेशेजारी एक सतरंजी आणून ठेवली, तेव्हा मी लाजले. निळ्या पट्ट्यांची, कोपऱ्यात त्यांच्या पक्षाच्या शाखेचं नाव रंगवलेली.

"अण्णा, विमानात वजन मोजतात," मी म्हटलं.

"मंग पुस्तकं कमी कर," म्हणत ते स्वतःच सुतळी आवळायला बसले. आई हसली. मी दोन पुस्तकं काढून तिच्या हातात दिली.

अण्णा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णा एका छोट्या पक्षाचे कार्यकर्ते. तो फुटला, फुटलेला तुकडाही पुढे फुटला आणि शेवटी आमच्या वस्तीत अण्णा आणि त्या सतरंज्या एवढंच उरलं. त्यांनी भाषण कधीच केलं नाही. सभेआधी सतरंज्या अंथरायच्या, सभेनंतर झटकून घडी घालायची, हे त्यांचं काम. लहानपणी मला वाटायचं, माझे वडील पक्षात कुणीच नाहीत.

सिंगापूरला मी स्कॉलरशिपवर राज्यशास्त्र शिकायला आले. सतरंजी हॉस्टेलच्या पलंगाखाली ढकलली, रूममेटला दिसू नये म्हणून. रशियन हा विषय घेतला होता आणि सरावासाठी शहराच्या बेडोक भागात व्हेरा आंटींकडे जायचे. त्या मोल्दोव्हाच्या, निवृत्त शिक्षिका, मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. चहाबरोबर वाटीत जॅम द्यायच्या आणि बोलता बोलता त्यांच्या पक्षावर यायच्या. सोव्हिएत संघ फुटल्यावर त्यांच्या गावातल्या मास्तरांनी काढलेला पक्ष. दोन-तीन निवडणुका गाजवल्या, मग ओसरत ओसरत दुसऱ्या मोठ्या पक्षात विरून गेला.

ऐकताना मला सारखे अण्णा आठवायचे. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला मी आंटींच्या पक्षाचाच विषय घेतला. प्रोफेसरांना खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही. तुलनात्मक अभ्यास वगैरे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली.

पहिला मसुदा त्यांनी परत केला. "पक्ष पडला, हे मतांवरून दिसतंच. का पडला, ते यात कुठे आहे? दोन आठवड्यांत दाखव, नाहीतर विषय बदल." विषय बदलणं म्हणजे एक सेमिस्टर जास्त, आणि स्कॉलरशिप तेवढी पुरणार नव्हती. पदवीशिवाय परत जावं लागलं असतं. मी ठरवलं, विषय बदलायचा नाही.

व्हेरा आंटींना नेते, जाहीरनामा, युती सगळं विचारून झालं होतं. त्या दर वेळी एवढंच म्हणायच्या, "लोक कंटाळले." शेवटी कॉलिंग कार्ड घेऊन मी चुलतभावाच्या मोबाइलवर अण्णांना गाठलं. सगळं सांगितलं.

"अवं बाई," ते म्हणाले, "सभा झाल्यावर बिछायत कोन उचले, ते इचारलं का तुनं?"

नव्हतं विचारलं. मला ते विचारण्यासारखं वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेडोकला जाऊन विचारलं. व्हेरा आंटी आधी हसल्या. मग चमचा खाली ठेवला. सभा शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या, खुर्च्या वरच्या मजल्यावरच्या वर्गांमधून आणायच्या. "सुरुवातीला आमचा अध्यक्षसुद्धा दोन-दोन खुर्च्या उचलून परत ठेवायचा. त्या जिन्यावरच खरी चर्चा व्हायची, भांडणंही. मग निवडून आलेले लोक भाषण संपताच गाडीत बसायला लागले. मग बाकीचेही. शेवटच्या वर्षी मी एकटीच खुर्च्या नेत होते. एकदा तशाच टाकून घरी गेले. त्यानंतर शाळेनं हॉल दिला नाही."

मी ते शब्दशः लिहून घेतलं. आंटींकडून पत्ते घेऊन त्यांच्या गावच्या आणखी चार जुन्या सभासदांना ई-मेल केले, तोच प्रश्न विचारला. तिघांची उत्तरं आली. प्रोफेसरांनी नवा मसुदा वाचून विचारलं, "हा प्रश्न तुला सुचला कुठून?" या वेळी मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग तसं लिही. वडिलांच्या नावासकट."

त्या एप्रिलमध्ये जुरोंग ईस्टला एका मराठी इंजिनिअरच्या फ्लॅटवर भीमजयंती झाली. मी पलंगाखालची सतरंजी काढली, एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, खांद्यावर घेऊन गेले आणि हॉलमध्ये अंथरली. सोबत व्हेरा आंटींनाही नेलं. कार्यक्रम संपला, सगळे घाईघाईनं चपला शोधायला लागले. मी दोन कोपरे धरून उभी राहिले.

रात्री अण्णांना फोन केला.

"सतरंजी कोन उचलली?"

"मी."

"एकटीनं? एकटीनं घडी नीट नाही पडत."

"नाही अण्णा. दुसरं टोक व्हेरा आंटीनं धरलं."

"मंग बराबर," ते म्हणाले.

हे वाचणाऱ्या, माझ्यासारखंच गाव सोडून आलेल्या तुम्हां सगळ्यांना मी घराविषयी काय सांगणार? मला अजून नीट सांगता येत नाही. सतरंजी आता पलंगाखाली नसते. दाराशी उभी ठेवलेली असते, नाव दिसेल अशी.