बैरूतच्या यंत्रातले वडे

राहीबाईला भ्यायला कारण लागत नसे. एसटीत बसली की ब्रेक निकामी होण्याची भीती, बसायची असली की एसटी चुकण्याची. पण बहात्तर सालच्या संक्रांतीनंतर एकच भीती तिला पुरून उरली होती. लेक पुष्पावती बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा लागला होता. याआधी दोनदा सातव्यातच सगळं संपलं होतं. म्हणून राहीबाईनं मोहट्याच्या देवीला नवस बोलला होता: मूल हाती येईपर्यंत वशाट तोंडाला लावणार नाही. नवस बोलून दाखवला की त्याचा जोर जातो, असं तिला आईनं शिकवलेलं. त्यामुळे घरात कुणालाच पत्ता नव्हता. मटण शिजलं की ती पित्ताचं नाव सांगून भाकरी-ठेचा खायची.

अशात शेजारच्या दाऊदनं श्रीरामपूर स्टेशनमागं हॉटेल काढलं. लेबनॉन देशात, बैरूत शहरात तो आठ वर्षं आचारी होता. तिकडचंच जेवण इथं मिळणार म्हणे. गल्लीत मात्र उंटाचं मटण मिळणार अशी आवई उठली.

"आज सांजच्याला दोघांनी जायचं," राहीबाईचा नवरा रंगनाथ म्हणाला. तो मार्केट यार्डात मापाडी होता आणि दाऊदचा तालमीतला जोडीदार. "पहिल्या दिवशी आपनच न्हाई गेलो तर गल्लीतलं दुसरं कोन जाईल?"

"मला पित्त झालंय."

"तुझं पित्त बरं दाऊदचं हाटेल बघून उठतं! वशाट नको खाऊ. हरभऱ्याचं कर म्हनून सांगितलंय त्याला."

हॉटेलात पडद्याआड बायकांसाठी दोन टेबलं होती. दाऊदची बायको मुमताज वाढत होती. आतून पोकळ, फुगलेली रोटी. हरभऱ्याची तीळ-लसूण घालून वाटलेली मऊ चटणी, तिच्यावर तेलाचं तळं. आणि तपकिरी, गोल वडे. राहीबाईनं भीत भीत एक फोडला. बाहेरून कुरकुरीत, आत कोथिंबिरीनं हिरवागार. चव आवडली. तिनं तीन खाल्ले.

चौथा हातात असताना वाऱ्यानं स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा उडाला. आत मुमताज भिजलेले हरभरे एका लोखंडी यंत्रात टाकून दांडा फिरवत होती. राहीबाईनं यंत्र ओळखलं. आठवड्यापूर्वी मुमताजनंच गल्लीतल्या बायकांना कौतुकानं दाखवलं होतं. खिमा काढायचं यंत्र, खास बैरूतहून आणलेलं.

वडा ताटात ठेवून ती आत गेली.

"मुमताज, यात आज खिमा काढला का गं?"

दांडा थांबला. "सकाळी काढला. मग उकळत्या पाण्यानं दोनदा धुतलं. का, वहिनी?"

राहीबाईला राहवेना. नवस तोंडातून बाहेर पडला. पडला आणि तिनं तोंडावर हात दाबला. एक चूक झाली होती, आता ही दुसरी.

मुमताज पांढरी पडली. "आधी सांगायचं ना! खलबत्त्यात कुटून दिले असते." मग हळूच म्हणाली, "कणही राहिला नसेल असं म्हटलं असतं तर तुम्ही सुखानं झोपला असता. पण पोटातल्या लेकरापायी मला खोटं बोलवत नाही. धुतलं मी, नीट धुतलं. तरी राहिला असला तर अल्लाला ठाऊक."

"कसं वाटलं, वहिनी?" बाहेरून दाऊदनं विचारलं.

"छान," राहीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मुमताज मागच्या दारी येऊ लागली.

"जेवली का पुष्पा?"

"जेवली."

"पोर हलतंय?"

"हलतंय."

राहीबाईनं देवीचा दंड म्हणून मीठ सोडलं. मुमताजनं रोजे धरले.

"तू कशापायी?"

"यंत्र माझं होतं. काही झालं तर लोक हॉटेलाचं नाव घेतील, ते एक. पण त्याआधी मलाच माझं तोंड बघवायचं नाही."

पुष्पावतीनं कूस बदलली तरी राहीबाई उठून बसायची. एकदा पोरगी वैतागली. "आई, मी काय काचेची हाय? मुमताजचाची बी आशीच टकामका बघती. दोघींनी मिळून करनी केली का काय माझ्यावर?" राहीबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

नववा भरला आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण छबूबाईनं दार लोटून घेतलं. बाहेर उंबऱ्याशी दोघी बसल्या. आतून पुष्पावतीची किंकाळी आली, मग बारीकसं रडू, आणि लगेच सगळं शांत झालं. मुमताजनं राहीबाईचं मनगट धरलं. रडू पुन्हा आलं, या वेळी मोठं.

"पोरगी झाली!" छबूबाई आतून ओरडली.

दोघीही जागच्या हलल्या नाहीत.

"तू बघ आधी," राहीबाई म्हणाली.

"आजी तुम्ही. तुम्ही बघा."

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

"आगं, कुनीतरी या की!" छबूबाई खेकसली. "पोर काय खातीय तुमाला?"

दोघी एकदमच उठल्या. राहीबाईनं पोरीच्या हातांची बोटं मोजली, मुमताजनं पायांची. मग जागा बदलून पुन्हा मोजली.