सूर्यावरचा वारा आणि नववीची फुगडी

पुष्पावती साळवे नेवासा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. वडील साखर कारखान्यात कामगार. घरातून कॉलेजात गेलेल्या त्या पहिल्याच. साल बहात्तरचं. बाईंची नोकरी अजून टेंपररी होती. श्रावणात शाळेची तपासणी होती. शेरा चांगला पडला तर बाई कायम होणार, नाही तर त्यांच्या जागी संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या येणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हेडमास्तरांचा रेडिओ परदेशी स्टेशन लावलं की नुसता खरखरायला लागला. हेडमास्तर, म्हणजे कानिफनाथ दरंदले सर, सेल बदलून बदलून वैतागले.

"सर, सेलचा दोष नाही. सूर्यावर वादळ झालंय, पेपरात आलंय," साळवेबाई म्हणाल्या.

"इथं विहिरींना पाणी नाही बाई, आणि वादळ कुठं, तर सूर्यावर!"

वर्गात त्यांनी तेच सांगितलं. सूर्यावरून विजेच्या कणांचा वारा सुटतो आणि तो आपल्याबरोबर चुंबकाच्या रेघा ओढत आणतो. नववीतल्या केशरनं हात वर केला.

"बाई, त्यो वारा येवढ्या लांबून येतो, तर वाट न्हाई चुकत?"

"कण रेघ धरून येतो. रेघेभोवती गरगर फिरत पुढं सरकतो."

"गरगर बी फिरतो अन् पुढं बी जातो?"

बाईंनी फळ्यावर काढून पाहिलं. कुणालाच कळलं नाही. मधल्या सुट्टीत मात्र पंचमी जवळ आली म्हणून पोरी मैदानात फुगडी घालत होत्या. बाई पायरीवरून बघत राहिल्या आणि मग ओरडल्याच, "ए, तशाच फिरत फिरत इकडं या!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानावर फक्कीनं लांब रेघ मारली, कुठं सरळ, कुठं वळणाची. रेघ दोघींच्या मधोमध ठेवायची आणि फुगडी घालत सरकायचं. सरळ रेघेवर पोरी छान गेल्या, हलक्या वळणावरही गेल्या. जिथं रेघ एकदम मुरडली होती तिथं मात्र दोघी भलतीकडेच गेल्या आणि धपकन बसल्या.

"वळण बारीक आणि तुमचा फेरा मोठा, म्हणून सुटलात. चुंबकाचा जोर कमी झाला की कणाचाही फेरा मोठा होतो," बाई म्हणाल्या. "आणि वाऱ्यात खळबळ असली ना, की जोर कमी असतो तिथंच रेघ जास्त मुरडते."

"मंजी नेमकं नको तिथंच!" केशर कपडे झटकत म्हणाली.

तपासणीच्या साहेबांपुढं हेच करायचं, असं बाईंनी ठरवलं. घरी आई, रतनबाई, ऐकूनच उसळली.

"साहेबापुढं पोरी नाचवनार? अगं, पुस्तकातलं शिकीव अन् कायम हो."

"पुस्तकातलं पोरींना कळत नाही, आई."

"साहेबाला कळतं ना? शेरा त्योच देनार हाय!"

तपासणीच्या दिवशी बाईंनी सकाळीच रेघ मारून ठेवली. प्रार्थनेनंतर साहेबांना घेऊन मैदानात येतात तो काय, रेघ सुतासारखी सरळ! शेजारी पीटीचे गहिनीनाथ सर फक्कीचं रिकामं पोतं झटकत उभे.

"बाई, कुणी तरी रेघ पार वाकडी मारली होती. साहेब यायचे आणि मैदानाची ही कळा! पुसून नीट मारली."

"फक्की उरलीय?"

"चिमूटभर नाही."

केशर आणि तिची जोडीदारीण त्या सरळ रेघेवरून टोकापर्यंत गेल्या. सुटल्याही नाहीत, पडल्याही नाहीत. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"साळवेबाई, यात विज्ञान कुठलं?"

हेडसरांनी रुमालानं कपाळ पुसलं. बाईंनी उरलेल्या वर्गाला हाक मारली, "समोरासमोर दोन रांगा करा! मधली वाट म्हणजे रेघ. मी टाळ्या वाजवल्या की वाऱ्यावर झुलल्यासारखं दोन्ही रांगांनी मिळून झुलायचं."

रांगा झुलायला लागल्या. वाट कुठं सैल वाकली, कुठं कोपरासारखी मुरडली. फुगडी मधून निघाली, सैल वळणावरून गेली आणि मुरडीपाशी रांग फोडून थेट गहिनीनाथ सरांवर आदळली. सर पोत्यासकट खाली. वर्ग खिदळला.

साहेब हसले नाहीत. "का सुटलात?" त्यांनी केशरला विचारलं.

तिला दम लागला होता. "साहेब, फुगडी मोठी अन् वळण बारीक. मावल कशी?"

"फुगडी लहान केली तर?"

पोरींनी कोपर दुमडले, अंग जवळ घेतलं आणि गेल्या त्याच मुरडीतून.

"पुन्हा करा," साहेब म्हणाले. पुन्हा केलं. मग ते हेडसरांकडं वळले. "शेरा काय देऊ? अभ्यासक्रमात फुगडी नाही."

"चुंबकत्व आहे ना, साहेब," हेडसर चटकन म्हणाले. "चुंबकत्व, प्रात्यक्षिकासह."

साहेबांनी तसंच लिहिलं.

दिवाळीआधी ऑर्डर आली. साळवेबाई कायम झाल्या होत्या, पण विषयांपुढं संस्थेनं विज्ञानाच्या जोडीला 'मुलींचे शारीरिक शिक्षण' असं घातलं होतं.

"फुगडीचं ऐकून त्यांना वाटलं, तुम्हाला खेळाची आवड आहे," हेडसर म्हणाले. "बदलून मागायचं का?"

"मागितलं तर पुन्हा संचालकांच्या सभेपुढं जाईल. आणि सभेत पुतण्याचे काका आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी सही केली आणि शनिवारी सकाळी मुलींची कवायत घ्यायला मैदानात उतरल्या.