हरणाच्या पायाखालचा चंद्र

परवा थिएटरात सिनेमाआधी मी बनवलेला तो लोगो पडद्यावर आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. लोगोचं काम मिळालं तेव्हा नाशिकहून इंदूरला येऊन मला आठच दिवस झाले होते. भंवरकुआं चौकाजवळच्या एका फिल्म स्टुडिओत भिंतीवर आधीचे दोन लोगो टांगलेले: एक हाताने रंगवलेलं हरीण, दुसऱ्यात त्याच हरणामागे चंद्र आणि चंद्रात कोंबलेलं स्टुडिओचं नाव. इंदुरी मराठी मालक पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत म्हणाले, "नवीन लोगोत चाँद एकदम खाली ठेवा. टाइम नाही, डायरेक्ट प्रेसला पाठवा." मी दोन दिवस खपून चंद्र हरणाच्या खुराखाली बसवला. छापलेलं पोस्टर बघून मालक ओरडले, "मॅडमजी, खाली म्हणजे अंदर कुछ नाही! हे हरीण काय फुटबॉल खेळतंय?" "मग रिकामा म्हणायचं ना!" मीही ओरडले. पोस्टरं लागली, लोगो तोच राहिला, आणि आता मालक सांगत फिरतात की चंद्र जिंकणारं हरीण ही त्यांचीच आयडिया! चिडून हे आईला फोनवर सांगताना मध्येच मी अर्धंच खाऊन उठलेल्या लेकीवर खेकसले, "आधी तो डबा खाली कर!" नाशिकहून आईने विचारलं, "का गं, डोक्यावर घेतलाय का तिने?"