विलायती पिल्लं आणि भारद्वाज

लग्नानंतर पंधराव्या दिवशी नवरा पलटणीत परत गेला आणि कोळवणच्या त्या घरात मी आणि सासूबाई राहिलो. दोघीही रागीट. भांडायला तिसरं कुणी लागत नसे.

पावसाळा सरता सरता ग्रामसेवकानं पौडहून लेगहॉर्न या विलायती कोंबड्यांची अंडी वाटायला आणली. पांढरीशुभ्र, भाताच्या तुसात रोवलेली. मी बारा मागून घेतली आणि खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी नऊ फुटली. पिवळीधमक पिल्लं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्याच सुमाराला चीनशी लढाई सुरू झाली आणि नवऱ्याची पत्रं थांबली. सासूबाई रोज सकाळी परसात जाऊन उभ्या राहायच्या. करवंदीच्या जाळीतून भारद्वाज बाहेर यायचा, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा. तो दिसला की दिवस शुभ जातो, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. त्या हात जोडायच्या, मीही जोडायचे. त्या लेकासाठी, मी सवयीनं. खरं सांगायचं तर मला नवऱ्याचा चेहराही नीट आठवत नव्हता.

मग पिल्लं जायला लागली. दोन दिवसांत तीन. एकाचे नुसते पाय उरले होते.

"कावळाच," सासूबाई म्हणाल्या. "कावळ्याबिगर कोन नेतंय?"

मी दोऱ्याचा फास लावून एक कावळा धरला. त्यानं माझं बोट फोडलं. मी त्याचं डोकं धुण्याच्या दगडावर ठेचलं आणि बाकीच्यांना जरब बसावी म्हणून त्याला बांबूवर उलटा टांगला. दोन दिवस गावभरचे कावळे छपरावर बसून कालवा करत होते. एकानं माझ्या टाळूवर चोच मारून रक्त काढलं, त्यालाही मी काठीनं लोळवला. मारताना अंगात जोर यायचा, बरं वाटायचं, हे कबूल करते. तरीही सहाची चार पिल्लं झाली.

दुसऱ्या दिवशी भांडी तशीच टाकून मी लवकर परसात आले. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्यापासून चार हातांवर भारद्वाज गवतातून चालत आला, त्यानं मागं राहिलेल्या पिल्लाचं डोकं चोचीत धरलं आणि त्याला जमिनीवर आपटलं. एकदा, दोनदा. कोंबडी किंचाळत त्याच्यावर धावली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आत्याबाई, तुमाला ठावं होतं?"

"पयल्या दिसापासनं," त्या म्हणाल्या. "खाऊ दे. पाखरू येतंय तंवर माजं पोर जित्तं हाय."

मी काठी उचलली. भारद्वाजाला फारसं उडता येत नाही. पहिल्याच फटक्यात त्याचा पंख मोडला आणि तो जाळीकडं फरपटत निघाला. सासूबाईंनी मागून माझे केस धरले. मी त्यांना कोपरानं ढकललं, त्या मोरीच्या चिखलात पडल्या. मी तो मरेपर्यंत मारला आणि मेल्यावरही मारत राहिले.

त्या उठल्या. मला वाटलं, आता आपली पाळी. पण त्यांनी लुगड्याचा चिखलसुद्धा झटकला नाही.

"त्याला काय झालं तर कपाळ तुजंच पांढरं हुईल," एवढंच बोलल्या.

त्यानंतर चार महिने त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. मी मात्र रोज सकाळी जाळीकडं बघायचे, दुसरा भारद्वाज येतोय का म्हणून. पोस्टमन दिसला की दाराआड व्हायचे. उरलेली तीन पिल्लं पांढरी, दिमाखदार झाली आणि मला त्यांच्याकडं बघवेना. ज्याचा चेहरा आठवत नव्हता त्याच्यासाठी मी चुलीपुढं बसून रडायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो एसटीतून उतरून दारात आला. सासूबाईंनी त्याचे हात, पाय, कान, एकेक बोट चाचपलं. सगळं जागच्या जागी होतं. मग त्या वळल्या आणि माझ्या कानाखाली अशी लगावली की मी उंबऱ्यावरच बसले. तो हबकून आईकडं बघत राहिला. मला राग आला नाही. इतके दिवस मी त्या थपडेचीच वाट बघत होते. गाल धरून मी हसायला लागले, मग रडायला.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "त्याला पानी दे."

चार महिन्यांत त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या.